खडूची खूण

मुंबईत विमानांच्या हँगरमध्ये माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. लायसन्सवाले इंजिनिअर, परदेशातून आलेले प्रशिक्षक, कपाटभर मॅन्युअल, या सगळ्यांकडून शिकलो. तरी कोणी विचारलं, तुझा उस्ताद कोण, तर तोंडात एकच नाव येतं: बेंबळीचे तात्या. तात्यांनी विमान आतून कधी पाहिलं नव्हतं. ते उस्मानाबादच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. पण माझ्या नोकरीत एकदा असा प्रसंग आला, की पाळी संपल्यावर थांबून काम करायचं की नाही, यावरून बरोबरीनं घास खाणारी माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. त्या संध्याकाळी मला नीट विचार करता आला तो तात्यांमुळं. त्यांचं ऋण फिटण्यातलं नाही. निदान ते चार लोकांत बोलून दाखवावं, म्हणून हे लिहितो आहे.

बेंबळी हे उस्मानाबाद तालुक्यातलं मोठं गाव. उस्मानाबादचं नाव 2023 पासून कागदोपत्री धाराशिव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांचा बाजार इथं, हायस्कूल इथं, पोलीस ठाणं इथं. जमीन काळी, पण पाऊस बेभरवशाचा. ज्वारी पिकली तर पिकली, नाहीतर माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला, पोरं पुण्या-मुंबईला. गावाबाहेर पडायचं साधन म्हणजे एसटी. आमच्याकडं रात्री एक मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच जेवून झोपायचे आणि पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेली माणसं आणि सरकारी दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणी घेऊन जिल्ह्याच्या गावाला निघायची. तात्या त्याच गाडीनं कामाला जायचे.

गाडीत चढण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत. पिशवीत एक छोटा हातोडा असे. चाकाच्या प्रत्येक नटाच्या एका अंगाला डाव्या हाताचं बोट लावायचं आणि दुसऱ्या अंगानं हातोडीनं टिचकी मारायची. त्यांची ड्युटी डेपोत हजेरी लागल्यावर सुरू व्हायची. ही फेरी कोणी सांगितलेली नव्हती. मी शाळकरी पोरगा, रोज बाजूला उभा राहून पाहायचो. एकदा त्यांनी विचारलं, "काय बघलालास रे?"

"नट वाजवून काय कळतं, तात्या?"

"बोट ठिव हितं." त्यांनी माझं बोट नटाला टेकवलं आणि हातोडी मारली. बोटाला काहीच जाणवलं नाही. "हे घट्ट हाय. ढिलं असतं तर बोटाला थरथर लागली असती. आवाजबी बदबद येतो. कानावर लई भरवसा ठिवू नको, बोटावर ठिव."

माझ्या धंद्याचा पहिला धडा तो. बूट-टोपी घालून वर्गात बसण्याच्या कितीतरी आधी मी तो एसटीच्या चाकापाशी उकिडवा बसून घेतला.

दहावी झाल्यावर वडिलांनी मला आडतीच्या दुकानात चिकटवायचं ठरवलं होतं. त्यात त्यांची चूक नव्हती. घरात दोन बहिणी लग्नाच्या, शेत कोरडवाहू. तात्या एका संध्याकाळी घरी आले, ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "आबा, पोराचा हात बघितलाय मी. आडतीत पोती मोजून वाया जाईल. आयटीआयला फिटरला घाला." फॉर्म तेच घेऊन आले होते. फीचे पैसे त्यांनीच भरले. वडिलांनी पुढं ते परत द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हणाले, "सुगी होऊ द्या." दर सुगीला हेच उत्तर. ते पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवार म्हणून मी एसटीतच लागलो आणि तात्यांच्या हाताखाली आलो. डेपोतला पिट म्हणजे जमिनीत खणलेला लांबोळका खड्डा. गाडी वर उभी, माणूस खाली. अंगावर ग्रीस ठिबकतंय, डोळ्यात धूळ. पाटे बदलणं, यू-बोल्ट आवळणं, ब्रेकचे लायनर घालणं, ही रोजची कामं. तात्यांच्या खिशात पांढऱ्या खडूचा तुकडा असायचा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं कधी नाही. आवळून झाला की नटावरून चाकाच्या ताटलीवर खडूची एक रेघ ओढायची. रेघ नसेल तर तो नट आवळलेला नाही, मग तुम्ही आईची शपथ घेऊन सांगा. चहाची घंटा झाली आणि काम अर्ध्यावर असलं, तर आधी स्टिअरिंगला पाटी लटकवायची, ‘काम चालू, गाडी हलवू नये’, मग चहा. पाटी लावल्याशिवाय पिटमधून वर आलेलं त्यांना चालत नसे.

त्यांचं एक वाक्य आम्हा पोरांना पाठ होतं: "उघडलं तर बांधायचं. बांधायचं नसंल तर उघडायचंच न्हाई." तेव्हा मला वाटायचं, हे फक्त गाडीबद्दल आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. बेंबळीत भिंतींना तडे गेले, माणसं लेकरं घेऊन रस्त्यावर आली. उजाडता उजाडता किल्लारी, सास्तूर, लोहारा, उमरगा या भागातल्या बातम्या यायला लागल्या. जवळपास आठ हजार माणसं गेली, हा आकडा पुढं कळला. त्या सकाळी एवढंच कळलं होतं, की दगड-मातीच्या घरांखाली गावंच्या गावं आहेत. तात्यांनी मला हाक मारली आणि आम्ही सायकलवर डबलसीट डेपोत गेलो. जखमींना सोलापूर-लातूरच्या दवाखान्यात न्यायला गाड्या लागत होत्या. मागोमाग पाऊस कोसळायला लागला. गाड्या चिखलात रुतून, पाटे तुटून परत यायच्या. आम्ही त्या उभ्या करायचो, दुरुस्त करायचो, पाठवायचो. तात्या किती रात्री घरी गेले नाहीत, हे त्यांनी मोजलं नाही, मीही मोजलं नाही. जादा कामाच्या तासांची नोंद करायला कारकून आला, तेव्हा तात्या म्हणाले, "आत्ता न्हाई. आत्ता वही मिटून ठिव."

मी हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढं ज्या माणसानं मला जादा काम नाकारायला शिकवलं, तो कामचुकार नव्हता. गरज पडली तेव्हा रात्रीच्या रात्री पिटमध्ये उभा राहिलेला तो माणूस होता. त्यांचा हिशेब स्वच्छ होता. नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्या, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, तेव्हा डेपोत ओव्हरटाइम असायचाच. तात्या स्वतः थोडाच घेत. ज्याच्या घरी लग्न आहे, ज्याचं कर्ज आहे, त्याला आधी उभा करत. मला एकदा म्हणाले, "नडीचं काम येगळं, नेमाचं येगळं. नडीला रात्र काढावी. पण कुठल्याबी कारखान्यात रोजच नड सांगायला लागले, तर समजायचं, तिथं माणसं कमी हायत आन् भरायची न्हाईत."

कायद्याची भाषा मी नंतर वाचली. 1948 च्या कारखाना अधिनियमात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट मजुरी. दुप्पट कशाला? कामगाराला खूश करायला नव्हे. मालकाला जादा काम महाग पडावं आणि त्यानं त्यापेक्षा नवा माणूस घ्यावा, असा त्यामागचा विचार आहे. प्रत्यक्षात होतं उलटं. पगार इतका तोकडा असतो, की कामगाराचा प्रपंच त्या दुपटीवरच उभा राहतो. मग मालकालाही ओव्हरटाइम हवा असतो आणि कामगारालाही. दोघं मिळून त्या न भरलेल्या जागेवर पांघरूण घालतात. तात्यांनी हे पिटमध्ये उभं राहून ओळखलं होतं.

उमेदवारी संपली आणि मी मुंबईला आलो. आधी हेल्पर, मग टेक्निशियन. हँगरमध्ये पहिल्यांदा पाहिलं, की बोल्ट ठरलेल्या जोरानं टॉर्क पान्ह्यानं आवळला, की त्यावरून बाजूच्या पत्र्यावर नारिंगी लाखेची बारीक रेघ ओढतात. बोल्ट किंचित फिरला तरी रेघ तुटते आणि नजरेला कळतं. अर्धवट सोडलेल्या कामावर लाल पट्टी लटकवतात. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती काढलेली असते, पान्हा परत टांगला नाही तर रिकामी आकृती दिसते आणि तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. बरोबरची पोरं हे सगळं नवं म्हणून शिकत होती. मला वाटलं, तात्यांचा खडूच इथं डबीत भरून ठेवलाय. तेवढ्या एका जाणिवेनं परक्या मुंबईत मी त्या हँगरमध्ये रुळलो.

वर्षं गेली. विमान कंपन्यांना वाईट दिवस आले, तसे आमच्याही कंपनीला आले. पगार लांबायला लागले. आधी आठ-दहा दिवस, मग महिना. ओव्हरटाइमचे पैसे तर कितीतरी मागे राहिले. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरत नव्हते. रात्रपाळीला जिथं बारा माणसं लागायची तिथं सात-आठ. संघटनेनं ठराव केला: थकबाकी मिळेपर्यंत पाळीतलं काम चोख करायचं, पाळीनंतर थांबायचं नाही. ठराव करणं सोपं होतं. तो पाळायची पहिली संध्याकाळ आली, तेव्हा विमान जॅकवर होतं.

डाव्या मुख्य चाकांची जोडी काढलेली. ब्रेकचं युनिट खाली उतरवलेलं. हायड्रॉलिकच्या नळ्यांची तोंडं उघडी. नवं युनिट पेटीत. पाळी संपायला थोडाच वेळ राहिला होता आणि रात्रपाळीला माणसं अपुरी होती. मॅनेजर येऊन म्हणाले, "थांबा, सकाळची फ्लाइट आहे." आम्ही विमानाच्या पंखाखाली गोळा झालो आणि वाद पेटला.

समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "ठरलं ते ठरलं. आज थांबलो तर उद्या आपल्या शब्दाला कोण विचारणार?"

एक तरुण पोरगा, नव्यानं लग्न झालेला, बदलापूरला घर घेतलेला, तो उसळून म्हणाला, "माझा हप्ता ओव्हरटाइमवर जातो. संघटना भरणार आहे का हप्ता?" दोघा-तिघांनी त्याला गद्दार म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या एकानं वेगळीच तोड काढली. "थांबू या की. पण असं काम करू, की सकाळपर्यंत संपणारच नाही. पैसे पण मिळतील, दणका पण बसेल." काही जण हसले. काहींना ते पटलंही.

आणखी एक जण गप्प उभा होता. तो इतकंच म्हणाला, "या विमानात सकाळी दीडशे माणसं बसणार आहेत. त्यांनी आपलं काय घोडं मारलंय?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं आल्या, कारण ते काम माझ्या गटानं उघडलं होतं. मी बाजूला जाऊन गावी फोन लावला. तात्या निवृत्तीला आले होते. कामावरून येऊन ओट्यावर टेकले असतील अशी ती वेळ. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी तीन गोष्टी विचारल्या. काम कुणी उघडलं? आता हात किती दमलेत? आणि पुढं ते हातात घेणारा लायक माणूस आहे का? मी म्हटलं, काम आम्हीच उघडलं, सकाळपासून उभे आहोत, आणि रात्रीला दोन जाणती माणसं आहेत, पण दोनच.

ते म्हणाले, "मग दमलेल्या हातानं बिरेक बांधू नको. शब्द दिलाय न थांबायचा, तर थांबू नका. पर चाक काढून ठिवून अंधारात निघून बी जाऊ नका. कुठपर्यंत आलंय, काय ऱ्हायलंय, ते असं लिहून द्या की नवख्यालाबी कळावं. ज्याला द्यायचं त्याच्या हातात द्या, त्याची सही घ्या. मगच बाहेर पडा."

मग तिसऱ्या माणसाबद्दल म्हणाले, "त्याला सांग, हळू करायचं सोंग आणू नको. न्हाई म्हणायचं तर तोंडानं म्हण. हातानं खोटं बोललास, तर हात खोटा पडतो. तोंड खोटं बोललं तर सुधरतं, हात सुधरत न्हाई."

आणि त्या पोराबद्दल? "त्याला शिव्या कोण देतंय? आधी त्याच्या हप्त्याचं बघा, मग त्याला म्हणा थांबू नको. रिकाम्या पोटाला ठराव सांगू ने."

मी परत गेलो आणि ते शब्द माझ्या भाषेत सांगितले. नळ्यांच्या तोंडांना टोपणं लावली. सुटे बोल्ट, वॉशर ताटात मांडून प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. चाकाच्या दांड्याला, कॉकपिटमधल्या ब्रेकच्या मुठीला लाल पट्ट्या लावल्या. हत्यारं मोजून फळीवर टांगली. पाळीच्या नोंदवहीत काय झालं, काय राहिलं, नवं युनिट बसवल्यावर कुठं गळती तपासायची, हे ओळीनं लिहिलं. रात्रपाळीच्या त्या दोघांना विमानाखाली नेऊन एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवली. पाळी संपून बराच वेळ झाला होता. तो वेळ कोणी जादा म्हणून लिहिला नाही. सोपवणूक हा कामाचाच भाग आहे, असं आम्ही ठरवलं आणि त्यावर वाद झाला नाही. जाताना लॉकरपाशी जेवणाचा एक रिकामा डबा ठेवला. ज्याला जमेल त्यानं त्यात घालावं. बदलापूरच्या पोराचा त्या महिन्याचा हप्ता त्यातून गेला, आणि नंतर आणखी दोघांचे.

विमान दुसऱ्या दिवशी उशिरा उडालं. प्रवाशांना त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतं. पण ते नीट बांधलेल्या ब्रेकनं उडालं. रात्रीच्या माणसांनी घाई केली नाही, कारण काय राहिलं आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही. पुढं काही आठवड्यांनी थकबाकी हप्त्याहप्त्यानं मिळाली. रात्रपाळीच्या सगळ्या जागा काही भरल्या नाहीत, थोड्या भरल्या. आमच्या घरी त्या महिन्यांत चणचण झाली. बायकोनं शेजारणींचे ब्लाउज शिवून घर ओढलं. पण गटात फूट पडली नाही. ज्याला गद्दार म्हटलं होतं तो आणि म्हणणारे, सगळे नंतर एकाच टेबलावर डबे उघडायचे.

त्या काळात आम्ही एकमेकांना एका अपघाताची गोष्ट सांगायचो. 10 जून 1990 ला बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सतरा हजार फुटांवर उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि आश्चर्य म्हणजे सगळे वाचले. चौकशीत निघालं, की काच उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत बदलली होती आणि 90 पैकी 84 बोल्ट जाडीला किंचित बारीक होते. ते काम कोणी आळशी माणसानं केलं नव्हतं. रात्री माणसं कमी होती म्हणून पाळीच्या प्रमुखानं स्वतः अंगावर घेतलं, पहाटे तीन ते पाचच्या वेळेत, जुना बोल्ट शेजारी धरून डोळ्यांनी माप जुळवून. काम अडू नये म्हणून झटणारा, भला माणूस. तात्यांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याला कुणी म्हनायला पायजे होतं, बाबा, आज न्हाई जमत म्हन." भलेपणानं न भरलेली जागा भरून निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. जादा काम नाकारणारा माणूस ती जागा सगळ्यांना दाखवतो. माझ्या मते त्या नाकारण्याचा खरा उपयोग हाच आहे.

पण नाकारण्याच्याही रीती असतात. मे 2010 मध्ये मंगळूरला विमान कोसळून 158 माणसं गेली, आणि तीनच दिवसांनी एअर इंडियाच्या दोन संघटनांनी अचानक संप पुकारला. त्यात विमान अभियंत्यांची संघटनाही होती. त्यांची गाऱ्हाणी पगाराची आणि बोलण्यावरच्या बंदीची होती. दुसऱ्या दिवशी दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई केली, संप मिटला, आणि दोन्ही संघटनांची मान्यता गेली. त्या कामगारांबद्दल माझ्या मनात माया आहे, कारण मी त्याच जातीचा. तरी देश सुतकात असताना विमानं उभी केली, तर आपलं म्हणणं ऐकायला कान उरत नाहीत, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं. 2019 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या मेकॅनिकांच्या संघटनांना कोर्टात खेचलं. आरोप असा, की करार लांबला म्हणून ते ओव्हरटाइम टाळतात आणि काम लांबवतात. कोर्टानं कंपनीच्या बाजूनं मनाई दिली. त्याच उन्हाळ्यात मायामीला एका मेकॅनिकनं विमानाचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेत फोम चिकटवला. वैमानिकाला धावपट्टीवरच बिघाडाचा इशारा मिळाला आणि त्यानं उड्डाण थांबवलं. विमानात 150 माणसं होती. करार अडल्याचा राग होता आणि दुरुस्तीतून ओव्हरटाइम मिळावा असं वाटलं, असं त्यानं तपासात सांगितलं. त्याला तुरुंगवास झाला. बातमी वाचली तेव्हा तात्यांचं ते वाक्य आठवलं. खोटा पडलेला हात तो हाच. अशा एका हातानं हजार सरळ मेकॅनिकांच्या ‘नाही’वरचा विश्वास उडतो.

2021 च्या ऑक्टोबर अखेरीला एसटीचा संप सुरू झाला. महागाई भत्त्यापासून सुरू झालेली मागणी राज्य शासनात विलीनीकरणावर आली. दिवाळीत डेपो बंद पडू लागले आणि बघता बघता अडीचशे आगारांतल्या गाड्या उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयानं समिती नेमायला लावली, सरकारनं नोव्हेंबरात पगारवाढ दिली, तरी संप रेंगाळला. 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर या, असं न्यायालयानं सांगितलं, तेव्हा कुठं गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. त्या महिन्यांत कितीतरी कर्मचाऱ्यांनी जीव दिला. इकडं बेंबळीसारख्या गावांत शाळेच्या पोरी वडापच्या जीपला लटकून जात होत्या, नाहीतर घरी बसत होत्या. दोन्ही दुःखं खरी होती. एसटीवाल्यांचं दुःख आणि एसटीवाचून राहिलेल्यांचं दुःख एकाच गावात, कधी एकाच घरात होतं.

तात्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी गावी गेलो तेव्हा डेपोतली दोन तरुण पोरं त्यांच्या ओट्यावर बसली होती. पगार किती, काम किती, हे सांगताना त्यांचा आवाज चढत होता. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. संप करू नका, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. कुठं कुठं गाड्यांवर दगड पडल्याच्या बातम्या येत होत्या. त्यावर मात्र ते कडाडले, "काच फोडणारा आपला न्हवं. गाडीशी भांडण न्हाई आपलं." आणि मग शांतपणे, जणू उद्याच डेपो उघडणार आहे अशा सुरात, महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीला काय होतं ते सांगू लागले. बॅटरी बसते. टायर एका जागी दबतात. ब्रेकचे ड्रम गंजून लायनर चिकटतात. रबराच्या नळ्यांना चिरा पडतात. "कामावर जाल त्या दिवशी कुनीबी घाई करंल. वरचे म्हनतील, काढा गाडी. तुमी म्हना, आधी बघतो. तवा न्हाई म्हना. लोक पाच म्हैने थांबलेत, आनखी एक दिस थांबतील." पोरं ऐकत होती. एकानं मोबाइलवर ते लिहून घेतलं.

मी आता नव्या पोरांना शिकवतो. लातूर-धाराशिवकडची, बीडकडची पोरं येतात, कर्ज काढून आलेली. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा ओव्हरटाइम किती मिळतो हा. मी त्यांना दोन्हीची उत्तरं देतो, कारण घराकडं पैसे धाडायचे असतात हे मला ठाऊक आहे. मग सांगतो, की थांबायचं की नाही हे पान्हा उचलायच्या आधी ठरवा. थांबलात तर डोळे उघडे ठेवून, मॅन्युअल पुढं ठेवून पूर्ण करा. नाही म्हटलंत तर तोंडावर म्हणा आणि हातातलं काम लिहून, दाखवून, सोपवून जा. आणि ज्याला नाही म्हणणं परवडत नाही, त्याच्यावर बोट उगारण्याआधी आपल्या खिशात हात घाला.

हे तात्यांचं देणं आहे आणि ते मी एकट्यानं फेडू शकत नाही, कारण त्यातला मोठा वाटा माझ्या हातातच नाही. ज्यांच्या सहीनं भरती होते, त्यांच्या हातात आहे. डेपोत असो की हँगरमध्ये, पाळीला पुरतील एवढी माणसं असतील, वेळेवर पगार असेल, तर नडीच्या रात्री मेकॅनिक स्वतःहून थांबतील. किल्लारीच्या वेळी थांबलेच होते. त्यासाठी कोणाला कोर्टात जावं लागणार नाही.